हिरव्यावर पिवळी रेघ

इन्स्पेक्टरबाईंनी हॉलमधल्या स्विचबोर्डाची प्लेट उघडली, आतल्या तारा बोटाने बाहेर ओढल्या आणि चष्मा कपाळावर सरकवून त्या अगदी जवळून पाहिल्या.

"अर्थिंगची तार नुसतीच हिरवी आहे, काका."

"अर्थिंगची तार हिरवीच असते," तात्या म्हणाले.

"असायची. आता हिरव्यावर पिवळी रेघ लागते. हा नियमसुद्धा आता जुना झाला."

"रेघ शोभेची असते हो. शाळेतल्या पोरांच्या मोज्यांवर असते तसली. वीज काय रेघ बघून जमिनीत उतरते?"

बाई हसल्या नाहीत, पण चिडल्याही नाहीत. त्यांनी तारा परत आत सारल्या. घर तात्यांच्या मुलीचं होतं, नवंकोरं, अजून भिंतींना ओल्या रंगाचा वास येत होता. ही तपासणी पार पडल्याशिवाय घराला वीज मिळणार नव्हती, आणि सगळी वायरिंग तात्यांनी एकट्यानं केली होती.

"नियमात असंही आहे," तात्या म्हणाले, "की जुन्या कामात नुसती हिरवी असेल तर राहू द्यावी."

"आहे."

"मग ही तार जुनीच आहे. माझ्याकडे पडून होती. कारखान्याचं नावसुद्धा पुसट झालंय, हात लावून बघा."

"तार जुनी असली म्हणून घर जुनं होत नाही, काका. सूट कामाला आहे, तारेला नाही."

स्वयंपाकघराच्या दारात उभी असलेली मुलगी खुदकन हसली. तात्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही.

"बरं, टोकांना पिवळी पट्टी गुंडाळून दिली तर? तशीही सूट आहे."

"जाड तारेला आहे. ही बारीक. बारीक तार आख्खी तशीच लागते, मध्ये कुठेही कुणी कापली तरी ओळखता यावी म्हणून." बाईंनी स्क्रू घट्ट केला. "हे तुम्हाला ठाऊक असणार. तुमचं नाव मी ऑफिसात ऐकलंय."

ठाऊक तर होतंच. तात्यांना त्या भागात सगळे अर्थिंगतात्या म्हणत, ते काही उगीच नव्हे. कुणाच्या घरी पंखा लावायला गेले तरी आधी अर्थिंगची पिन हलवून बघायचे. नसेल तर पंखा राहिला बाजूला, अर्ध्या तासाचं व्याख्यान सुरू. "फेज म्हणजे आलेला पाहुणा, न्यूट्रल म्हणजे त्याची परतीची वाट, आणि अर्थिंग म्हणजे पाहुणा पिसाळला तर त्याला बाहेर काढायचं मागचं दार. दार न ठेवता घर बांधता का?" लोक कंटाळायचे, पण दार ठेवून घ्यायचे.

बाई पुढच्या खोलीत गेल्या. प्लेट उघड, तारा ओढ, बघ, मिट. नुसत्या हिरव्याचा मुद्दा त्यांनी पुन्हा काढला नाही, पण एकही प्लेट सोडली नाही. तात्या मागून चालत होते. त्यांचा हात खिशातल्या पक्कडीवर होता आणि मन गॅलरीत.

गॅलरीत कपडे धुण्याच्या यंत्राचा पॉइंट होता. साऱ्या घरात तेवढ्या एकाच जागी त्यांनी घंटी लावली नव्हती.

घंटी ही तात्यांची स्वतःची युक्ती. एक सेल, एक छोटी घंटी, दोन तारा. मुख्य बोर्डात अर्थिंगची तार काळ्या, म्हणजे न्यूट्रलच्या, तारेला तात्पुरती बांधून ठेवायची. मग पॉइंटवर जाऊन काळी तार घंटीच्या एका टोकाला लावायची आणि अनोळखी तार दुसऱ्या टोकाला. वाजली तर ती अर्थिंग, नाही वाजली तर तांबडी, म्हणजे फेज. काळी त्यांना ओळखता यायची. वाद होता तो तांबड्या-हिरव्याचा. तात्यांच्या डोळ्यांना दोन्ही तारा एकाच रंगाच्या दिसत. आजचं नव्हे, जन्मापासून.

त्यांनी काम धरलं तेव्हा हे कळायचं कारणच नव्हतं. तेव्हा अर्थिंगची तार उघडी असायची, अंगावर काही न घातलेली, चकचकीत. आंधळ्यानंही हाताने ओळखावी. मग नियम आला की अर्थिंगलाही वेष्टन हवं आणि ते हिरवं हवं. तात्यांनी हिरवी तार घेतली, तांबडी घेतली, आणि एका शिंप्याच्या दुकानात पॉइंट काढून दिला. दुसऱ्या दिवशी इस्त्रीनं शिंप्याला असा झटका दिला की तो टेबलावरून मागच्या कापडांच्या ढिगात जाऊन पडला. वाचला. वाचल्यावर त्यानं तात्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि नवा वायरमन शोधला.

तात्या त्या संध्याकाळी घरी आले, दोन तारांचे तुकडे बायकोपुढे टाकले. लग्नाला वर्षही झालं नव्हतं.

"ह्या दोन्ही एकाच रंगाच्या आहेत ना?"

तिला वाटलं, थट्टा करताहेत. "अहो, ही तांबडी. ही हिरवी."

"पुन्हा सांग."

तिनं पुन्हा सांगितलं. मग नवऱ्याचा चेहरा बघितला आणि हातातलं काम खाली ठेवलं. बराच वेळ दोघं त्या दोन तुकड्यांकडे बघत बसली. वायरमनला रंग दिसत नाहीत हे बाहेर कळलं की संपलं, चूल थंडच. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं केस घट्ट बांधले, हत्यारांची पिशवी उचलली आणि म्हणाली, "चला."

तेव्हापासून अळीमिळी गुपचिळी. ती प्रत्येक कामाला बरोबर जायची. तात्या शिडीवर, ती खाली स्टुलावर, मांडीवर तारांची बंडलं. तात्यांनी हात मागे करायचा, "हिरवी", आणि तिनं हिरवी त्या हातात ठेवायची. लोक म्हणत, बायकोला सोडवत नाही याला. दुसरे वायरमन म्हणत, शिडी दुसरी मिळेल, अशी बायको मिळायची नाही. तात्या हसत. बघून उपयोग नसायचा, म्हणून हळूहळू त्यांची बघायची सवयच मोडली. हात मागे जायचा, तार हाताला लागायची, आणि ती बरोबरच असायची. तिच्याही डोळ्यांत तेल घातलेलं असे. एवढ्या वर्षांत पुन्हा कुणी कापडांच्या ढिगात जाऊन पडलं नाही.

गेल्या वर्षी ती गेली. तात्यांनी लोकांना गुडघ्याचं कारण सांगितलं आणि काम बंद केलं. झाकली मूठ झाकलेलीच राहिली असती. पण मुलीनं घर घेतलं आणि नवऱ्यापाशी हट्ट धरला, वायरिंग करतील तर माझे बाबाच. लेकीला गुडघा काय सांगायचा? ती तर त्यांना रोज जिना चढताना बघत होती.

"गॅलरी कुठे आहे?" बाईंनी विचारलं.

"ही बघा इकडे," मुलगीच म्हणाली आणि दार उघडून पुढे झाली.

त्या दिवशीही ती अशीच आली होती, हातात चहाचा कप घेऊन. तात्या गॅलरीतला पॉइंट जोडत होते आणि खिशातून घंटी काढणार इतक्यात ती दारात टेकली. तिच्यासमोर घंटी काढली असती तर तिनं विचारलंच असतं, समोर तर दिसतेय ना हिरवी, घंटी कशाला? तात्यांनी घंटी परत खिशात टाकली आणि वाट बघत बसले की ती जाईल. ती गेली नाही. ती बोलत बसली.

"आई असती तर आत्ता इथे स्टुलावर बसून तुम्हाला तारा देत असती."

"हो."

"आख्खा जन्म तिचा त्यात गेला, बाबा. तुम्ही नुसता हात मागे करायचा. एकदासुद्धा वळून बघायचा नाहीत. मला लहानपणी वाटायचं, बाबांची मानच वळत नाही."

ती हसत म्हणाली, पण ते हसू वरवरचं होतं. आई गेल्यापासून ती असं अधूनमधून बोलायची. आईला शिवण शिकायचं होतं. आईला बहिणीकडे राहायला जायचं होतं. आईनं काय केलं, तर तुमच्या शिडीखाली बसली. तात्यांना एका वाक्यात सगळं सांगता आलं असतं. पण ते वाक्य दोघांचं होतं, आणि दोघांपैकी एकाला ते आता विचारता येत नव्हतं. त्यांनी चहा प्यायला. मग दोन तारांतली एक उचलली, जणू डोळ्यांनी बघूनच उचलली, आणि अर्थिंगच्या पिनेला लावून टाकली. नंतर घंटी लावू म्हणाले मनाशी. नंतर प्लेट बसवली, मग मुलीनं खिडकीच्या पडद्याचा दांडा लावायला बोलावलं, आणि ते राहून गेलं.

बाईंनी गॅलरीतली प्लेट उघडली. तारा ओढल्या. आणि त्यांचा हात थांबला.

प्लेट जराशी तिरकी करून त्यांनी उजेडात धरली. खाली फरशी ओली होती, सकाळीच धुतलेली, आणि मुलगी तिच्यावर अनवाणी उभी होती.

"मला जरा पाणी मिळेल का?" बाईंनी तिला विचारलं.

मुलगी आत गेली. बाईंनी प्लेट तात्यांच्या पुढे धरली.

"काका, यातली हिरवी कुठली?"

तात्यांचा हात खिशाकडे गेला. "घंटी लावून सांगतो."

"घंटी नको. नुसतं बघून सांगा."

तात्यांनी बघितलं. तीन तारा होत्या. एक काळी. बाकीच्या दोन, एका आईच्या पोटच्या जुळ्या बहिणी. आतून भांड्यांचा आवाज आला, नळ सुटला, बंद झाला.

"फेज अर्थिंगच्या पिनेवर आहे," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "वीज आली असती, तर यंत्राच्या पत्र्यात आली असती. आणि ती इथे अशी उभी असते."

तात्यांनी भिंतीला हात लावला. भिंत थंड होती.

मुलगी पाणी घेऊन आली. बाईंनी ते सावकाश प्यायलं, सगळंच्या सगळं, आणि रिकामा पेला परत दिला. "आणखी थोडं आणता?" ती पुन्हा आत गेली.

"त्या दोन्ही तारा आत्ता सोडा," बाई म्हणाल्या. तात्यांनी पक्कड काढली आणि सोडल्या. बोटं चुकली नाहीत. सोडायला रंग लागत नाही. "रेघ शोभेची नसते, काका. ज्याला हिरवं-तांबडं एकच दिसतं, त्यालासुद्धा रेघ दिसते. म्हणून आणलीय ती."

"ठाऊक आहे मला."

"ठाऊक आहे?"

"पहिल्यांदा दुकानात बघितली, तेव्हाच दिसली होती."

बाईंनी चष्मा नाकावर घेतला आणि या म्हाताऱ्याकडे नीट पाहिलं. "मग का नाही आणलीत इतकी वर्षं?"

तात्यांनी पक्कड खिशात ठेवली. मुलगी दुसरा पेला घेऊन आली होती.

"अर्थिंगची तार बदलायची आहे," बाई तिला म्हणाल्या. "सगळ्या घरातली. नुसती हिरवी चालत नाही. बदलून झाली की मी येईन, आणि प्रत्येक जागा पुन्हा तपासेन." जिन्यात तात्या त्यांना पोचवायला गेले, तेव्हा त्या एक पायरी उतरून थांबल्या. "घरात कुणाला तरी हे ठाऊक असायला हवं, काका. तुम्हीच सांगा. मी परत येईन तेव्हा विचारीन."

दुकानदारानं पिवळ्या रेघेचं बंडल काउंटरवर ठेवलं आणि तात्यांकडे बघून मिशीत हसला.

"काय तात्या, शेवटी घातलेत मोजे तारेला?"

"घालावे लागले. लेकीच्या घराला थंडी वाजते म्हणे."

"वहिनी असत्या तर खूश झाल्या असत्या. त्याच तर पहिल्यांदा हात लावून बघत होत्या ह्या तारेला, आठवतं? इथेच उभ्या होत्या."

तात्यांना आठवत होतं. बंडल काखेत घेऊन ते घरी आले.

घरी दिव्याचं बटण दाबलं. खोली नीटनेटकी होती, फारच नीटनेटकी. मेहुणी दुखवट्याला येऊन राहिली होती, तेव्हा बिचारीनं सारं घर झाडून-पुसून लावून दिलं. फळीवरची तारांची बंडलंसुद्धा तिनं मोठ्यापासून लहानापर्यंत रांगेत लावली होती, छान दिसावीत म्हणून. आधी ती अशी नव्हती. आधी भिंतीकडे हिरवी, मध्ये काळी, दाराकडे तांबडी. बायकोनं घालून दिलेला तो क्रम कधी मोडला नव्हता. अंधारातही हात बरोबर बंडलावर पडायचा. मेहुणी गेल्यावर तात्या त्या फळीपुढे उभे राहिले होते, स्वतःच्याच घरात वाट चुकल्यासारखे. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. शेवटी मुलीकडचं काम निघालं तेव्हा तिलाच म्हणाले, "ती हिरवी गुंडाळी तेवढी पिशवीत टाक गं." तिनं टाकली. तात्यांनी तिच्या टोकाला गाठ मारून ठेवली. पण कापलेल्या तुकड्याला गाठ कुठली?

त्यांनी नवं बंडल टेबलावर सोडलं. हातभर तार कापली. पिशवीतले जुने दोन तुकडे घेतले, तांबडे की हिरवे कुणास ठाऊक, आणि तिन्ही पाठीमागे धरून हातात घोळवले. मग टेबलावर टाकले.

नवी तार लगेच दिसली. तिच्या अंगावरून एक उजळ पट्टी लांबच लांब गेली होती, ओल्या रस्त्यावर खडूनं ओढावी तशी. त्यांनी पुन्हा घोळवले, पुन्हा टाकले. पुन्हा दिसली. दार उघडून ते जिन्यात गेले आणि तिथून बघितलं. तिथूनही दिसली. कुणाला विचारायला नको, घंटी नको, गाठ नको. ज्या एका गोष्टीसाठी जन्मभर दुसऱ्याच्या डोळ्यांवर भिस्त ठेवली, ती आता टेबलावर आयती पडली होती.

ते परत येऊन बसले. समोर बायकोचं स्टूल होतं, बैठक एका बाजूला झिजलेली. ती नेहमी डाव्या अंगावर भार टाकून बसायची, उजवा हात मोकळा राहावा म्हणून.

ही तार पहिल्यांदा दुकानात आली, तेव्हा दोघं बरोबरच होती. दुकानदारानं बंडल दाखवलं, आणि दुकानाच्या दारातूनच तात्यांना ती रेघ दिसली. त्यांनी बायकोकडे पाहिलं. तिला कळलं होतं. त्यांना दिसली हे तिला कळलं होतं. ती बंडलावरून बोट फिरवत राहिली, मग बोट काढून घेतलं आणि हातातली पिशवी घडी घालू लागली. रिकामी पिशवी, आधीच घडी घातलेली.

"घेऊन तर बघा," ती म्हणाली. "तुमच्या सोयीची आहे."

"नको," तात्या दुकानदाराला म्हणाले. "नुसती हिरवीच द्या. असल्या मोज्यांवर माझा विश्वास नाही."

एरवी रस्त्यानं ती दोन पावलं मागे चालायची, पिशवी सांभाळत. त्या दिवशी घरापर्यंत बरोबरीनं चालली. आणि तेव्हापासून जिथे तिथे, ज्याच्या त्याच्यापुढे, तात्यांनी पिवळ्या रेघेला नावं ठेवायला सुरुवात केली. नियम वाचून काढला, सवलती पाठ केल्या, इन्स्पेक्टर बदलले तसे वाद बदलले. म्हातारा हट्टी आहे म्हणाले लोक. म्हणू देत.

तात्यांनी तिन्ही तुकडे गोळा केले. फळीपाशी गेले आणि मेहुणीनं लावलेली बंडलं एकेक करून खाली काढली. पण जुना क्रम पुन्हा लावायचा तर तांबडी कुठली, हिरवी कुठली, हे कुणीतरी सांगायला हवं होतं. ती तशीच जमिनीवर ठेवून ते झोपले.

काम पुन्हा सुरू झालं. जुनी हिरवी तार पाईपमधून ओढून काढायची, तिच्याच शेपटाला नवी बांधून आत घालायची. हॉल झाला, खोल्या झाल्या. प्रत्येक जागी घंटी लावून बघितली, आता लपवून नव्हे. मुलीनं एकदा विचारलं, हे काय? "खात्री," तात्या म्हणाले, आणि तेवढ्यावर भागलं. रोज सकाळी निघताना ते ठरवायचे, आज सांगू. रोज संध्याकाळी पिशवी उचलून घरी यायचे.

शेवटी गॅलरी उरली. त्या दिवशी येताना त्यांनी घरून स्टूल आणलं.

"हे कशाला?" मुलगी म्हणाली. "इथे आहेत की खुर्च्या."

"असू दे."

तिला सुट्टी होती. तिनं फरशी कोरडी केली, कडेला पडलेले जुन्या तारांचे तुकडे एका कोपऱ्यात लोटले आणि दाराला टेकून उभी राहिली. तात्या शिडीवर चढले. वरच्या डबीतून त्यांनी पिवळ्या रेघेची तार बाहेर ओढली. ती त्यांच्या तोंडासमोर लोंबकळत राहिली. जोड द्यायला आणखी एक तुकडा हवा होता. बंडल खाली स्टुलावर होतं.

तात्यांनी डावा हात मागे केला.

"हिरवी दे गं."

"तिथूनच घ्या की. लोंबतेय तुमच्या नाकापुढे."

"ती पुरत नाही. बंडलातली दे."

"मग उतरा आणि घ्या, बाबा." तिचा आवाज चढला नव्हता, पण कोरडा झाला होता. "मी आई नाही. मला नाही जमायचं शिडीखाली बसून आयतं हातात द्यायला."

खाली रस्त्यावर कुणीतरी दुकानाचं शटर वर केलं. तात्या भिंतीकडे तोंड करून उभे होते.

"तुझी आई तारा द्यायची नाही," ते म्हणाले. "ओळखायची."

"म्हणजे?"

"त्या कोपऱ्यातले दोन तुकडे उचल. एक तांबडा, एक हिरवा. मला विचार, कुठला कुठला."

ती जागची हलली नाही. मग तिची पावलं वाजली. शिडीला वळसा घालून ती भिंतीच्या बाजूला आली आणि एक तुकडा वर धरला.

"हा?"

"माहीत नाही."

"बाबा, थट्टा नको."

"तुझी आईसुद्धा हेच म्हणाली होती."

तिनं दुसरा तुकडा धरला. या वेळी विचारलं नाही. तात्यांनी मान हलवली. तिचा हात खाली आला. तिनं गॅलरीतल्या उघड्या पॉइंटकडे बघितलं, मग आपल्या पायांखालच्या फरशीकडे.

"त्या बाईंनी दोनदा पाणी मागितलं," ती म्हणाली.

"हो."

"मी इथेच उभी होते. मी बोलत बसले होते तुमच्याशी."

"तुझी चूक नव्हती ती."

तिनं दोन्ही तुकडे मुठीत धरले. "कधीपासून?"

"आधीपासूनच. तुझ्या आईला ठाऊक होतं. तिलाच."

"आणि मी तुम्हाला काय काय बोलले."

"बोललीस. ते सगळंच काही खोटं नव्हतं. तिला शिवण शिकायचंच होतं."

मुलीनं लोंबणारी नवी तार बोटांत धरली आणि तिच्यावरच्या रेघेवरून अंगठा फिरवला, अगदी तिच्या आईसारखा.

"ही दिसते तुम्हाला?"

"दिसते. दारातून दिसते, जिन्यातून दिसते."

"मग आता कुणी ओळखून द्यायला नको."

"नको."

हे म्हणताना तात्यांचा डावा हात अजून मागेच होता. पंजा उघडा होता.

मुलगी शिडीमागे गेली. स्टूल ओढल्याचा आवाज आला, मग त्यावर कुणी बसल्याचा. बंडल सुटलं, पक्कड वाजली. तार तात्यांच्या हाताला लागली.

त्यांनी मूठ मिटली. आणि मग, कामाच्या मधोमध, जे त्यांनी शिडीवरून कधी केलं नव्हतं ते केलं. मान वळवून खाली पाहिलं.

स्टुलावर मुलगी बसली होती.